जर्मन माणूस आळशी झालाय म्हणे!

सध्या एक मेसेज फिरतोय, की जर्मन माणूस वर्षाला 20 दिवस सिक लीव्हवर असतो, युरोपची सरासरी फक्त 8, डॉक्टर फोनवरच सुट्टी लिहून देतो आणि पहिल्या दिवसाचा पगार कापला की सगळे सुतासारखे सरळ येतील. आकडे आणि उपाय दोन्ही जर्मन विमा कंपनी अलियान्झचे प्रमुख ऑलिव्हर बेटे यांचे, जानेवारी 2025 मधले.

पहिलं आळशीपणाचं. सरकारी आकडेवारीत (कामाचे दिवस मोजून) जर्मनीची सरासरी 2021 ला 11 दिवसांच्या आसपास होती, 2022 ला एकदम 15 च्या घरात. एका वर्षात अख्ख्या देशाची नियत फिरली का? झालं असं की आधी डॉक्टरने दिलेल्या आजारपणाच्या पिवळ्या चिठ्ठीची कॉपी पेशंटने स्वतः आरोग्य विमा कंपनीला पाठवायची असायची, आणि दोन दिवसांच्या सर्दीसाठी कोण पोस्टात जातंय, त्यामुळे ती आजारपणं मोजलीच जायची नाहीत. 2022 पासून डॉक्टरच्या कॉम्प्युटरवरून ती थेट जायला लागली. शिवाय कोरोनाचे निर्बंध उठल्यावर त्या हिवाळ्यात फ्लू-सर्दीची लाट खरोखरच मोठी होती, ते नाकारत नाही.

फोनचं तर गणितच चुकतंय राव. ती सोय 2020 ची, मग आकडा 2020-21 ला का नाही उडाला? आणि एप्रिल 2023 ते डिसेंबर ही सोय बंद होती, तरी 2023 चा आकडा 15 च्या आसपासच राहिला.

20 विरुद्ध 8 म्हणजे एकाने डझनात मोजायचं, दुसऱ्याने किलोत. जर्मन विमा कंपन्यांच्या दिवसांत शनिवार-रविवारही धरलेले असतात. ब्रिटनमध्ये पहिले 7 दिवस डॉक्टरचा कागदच लागत नाही, तिथला आकडा लोकांना विचारून काढतात.

आता पगारकपात. नॉर्वेत पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार आणि सिक लीव्हही युरोपात सगळ्यात जास्त घेणाऱ्यांत तेच, म्हणजे पैशाचा परिणाम होतो, मान्य. पण ब्रिटनमध्ये सरकारी नियमाने पहिले 3 दिवस काहीच मिळत नव्हतं, तरी 2022 ला तिथे गैरहजेरी 2.6 टक्के, 2004 नंतरची सर्वाधिक! जर्मनीत चॅन्सेलर कोल यांच्या सरकारने 1996 ला आजारपणाचा पगार 80 टक्क्यांवर आणलेला, बऱ्याच युनियन्सनी करारात 100 टक्के परत मिळवले आणि 1999 ला पुढचा चॅन्सेलर श्रोडरने कायदाच फिरवला.

आणि एकूण दिवसांचा मोठा हिस्सा 6 आठवड्यांपेक्षा लांबलेल्या मोजक्या केसेसचा असतो, पाठ, डिप्रेशन, कॅन्सर वगैरे. पहिल्या दिवसाचा पगार कापला म्हणून केमो चालू असलेला माणूस सोमवारी ऑफिसला येणारे का?