पोप फ्रान्सिस यांच्या निधनानंतरची टीका : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पोप फ्रान्सिस यांच्या निधनानंतर उमटलेल्या संमिश्र पडसादांविषयीच्या माझ्या लेखावर आपण वसईहून दीर्घ आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : आपल्या गावच्या चर्चमध्ये पोप महोदयांसाठी मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती सामुदायिक उपासना, अर्पण होत असताना मी मूठभर नाराजांची गाऱ्हाणी वेचून मांडली, ‘मरणान्तानि वैराणि’, म्हणजे मरणाबरोबर वैर संपते, ही या भूमीची रीत मी पाळली नाही, ख्रिस्तसभेबाहेरच्या, म्हणजे चर्चच्या समुदायाबाहेरच्या, माणसाने तिच्या घरच्या दुःखात हिशेब मागू नयेत, आणि मागायचेच असतील, तर निदान वर्षभर थांबावे. हे आक्षेप चार ओळींत निकालात काढण्यासारखे नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

लेखाचा पूर्वार्ध शोकाविषयीच होता, हे आधी नमूद करतो. 21 एप्रिल 2025 रोजी, ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, वयाच्या 88 व्या वर्षी पोप गेले आणि 23 ते 25 एप्रिल या तीन दिवसांत सुमारे अडीच लाख माणसांनी रांगा लावून त्यांचे अंत्यदर्शन घेतले. गाझातील होली फॅमिली चर्चच्या आवारात आश्रयाला असलेल्या कुटुंबांना ऑक्टोबर 2023 पासून जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करून विचारपूस करणारा माणूस गेला, तेव्हा त्या लोकांवर काय ओढवले असेल, हे समजण्यासाठी ख्रिस्ती असण्याची गरज नाही. दफनविधीच्या वेळी सांता मारिया माज्जोरे चर्चच्या पायऱ्यांवर बेघर, कैदी, स्थलांतरित आणि तृतीयपंथी व्यक्ती हातात पांढरे गुलाब घेऊन शवपेटीची वाट पाहत होत्या. हा शोक खरा होता, याविषयी आपल्यात मतभेद नाहीत. मतभेद आहे तो एवढाच की, त्याच दिवसांत जो दुसरा सूर ऐकू आला, तो आपण वैराचा समजता आणि मी तो घरचा आहेर समजतो.

कारण सर्वांत तीव्र तक्रार कोणाची होती? लहानपणी धर्मगुरूंच्या अत्याचाराला बळी पडलेल्यांची. ही माणसे ख्रिस्तसभेची शत्रू नव्हती. श्रद्धाळू घरांतून, आईवडिलांनी विश्वासाने धर्मगुरूंच्या हाती सोपवलेली ती मुले होती. त्यांच्याशी फ्रान्सिस यांचे नाते कसे बदलत गेले, हे चिलीच्या प्रकरणाइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो. जानेवारी 2015 मध्ये फ्रान्सिस यांनी हुआन बारोस यांची चिलीतील ओसोर्नो धर्मप्रांताचे बिशप (धर्मप्रांताचे प्रमुख) म्हणून नेमणूक केली. सान्तियागोतील फर्नांदो कारादिमा या वजनदार धर्मगुरूला व्हॅटिकनने 2011 मध्येच लैंगिक अत्याचारांबद्दल दोषी ठरवले होते आणि बारोस हे त्याच्याच वर्तुळातले होते. अत्याचार डोळ्यांदेखत घडत असताना ते गप्प राहिले, असा पीडितांचा आरोप होता आणि बारोस तो नाकारत होते. ओसोर्नोच्या भाविकांनी या नेमणुकीला विरोध केला, तेव्हा हा विरोध म्हणजे डाव्यांनी पेटवलेला मूर्खपणा आहे, अशा अर्थाचे पोपचे उद्गार एका चित्रफितीतून बाहेर आले. पुढे जानेवारी 2018 मध्ये प्रत्यक्ष चिलीच्या भूमीवर उभे राहून, बारोस यांच्याविरुद्ध पुरावा आणाल त्या दिवशी बोलेन, तोवर ही सगळी बदनामी आहे, असे त्यांनी पत्रकारांना सुनावले.

ज्यांनी वर्षानुवर्षे कोणी ऐकून घेत नसताना साक्ष दिली होती, त्यांना खुद्द पोपनेच खोटे ठरवले होते. मात्र त्यानंतर जे घडले, तेही तितकेच विलक्षण होते. फ्रान्सिस यांनी माल्टाचे आर्चबिशप शिक्लूना यांना चौकशीसाठी पाठवले, सुमारे 2300 पानांचा अहवाल वाचून आपल्या हातून गंभीर चुका झाल्याचे एप्रिलमध्ये लेखी कबूल केले आणि ज्या तिघांचा अवमान झाला होता, त्यांना स्वतःच्या निवासस्थानी बोलावून त्यांची क्षमा मागितली. मे महिन्यात चिलीच्या झाडून सगळ्या कार्यरत बिशपांनी राजीनामे देऊ केले आणि जूनमध्ये बारोस यांचा राजीनामा मंजूर झाला. त्या तिघांपैकी हुआन कार्लोस क्रूझ यांना फ्रान्सिस यांनी पुढे अल्पवयीनांच्या संरक्षणासाठीच्या पोपनियुक्त आयोगावर घेतले, आणि पोप गेले तेव्हा क्रूझ यांनी एखादा जिवलग जावा तसा उघड शोक केला. म्हणजे आपल्याला दुखावणारी टीका आणि सुखावणारा शोक, दोन्ही पीडितांमधूनच आलेले आहेत.

मग त्याच आठवड्यात पीडितांच्या अमेरिकेतील संघटनांनी निराशेची भाषा का वापरली? कारण व्यक्तीला जवळ करणे आणि व्यवस्था बदलणे यांत अंतर राहून गेले. 2019 मध्ये फ्रान्सिस यांनी तक्रारी नोंदवणे धर्मगुरूंना बंधनकारक करणारा कायदा केला आणि अशा खटल्यांवरील गोपनीयतेचे आवरणही काढले. ही पावले लहान नव्हती, आणि त्यांच्या आधीच्या कोणी ती टाकलेली नव्हती. परंतु ती तक्रार जायची ती चर्चच्याच अधिकाऱ्यांकडे; पोलिसांकडे जाणे स्थानिक कायदा सांगेल तेथेच सक्तीचे राहिले. त्यात मार्को रुपनिक यांचे प्रकरण आले. हे जेझुइट, म्हणजे फ्रान्सिस यांच्याच संघातील, नामवंत मोझेक चित्रकार. त्यांच्यावर वीसहून अधिक स्त्रियांनी, त्यांत अनेक धर्मभगिनी होत्या, शोषणाचे आरोप केले. मुदत संपल्याचे कारण देऊन व्हॅटिकनने प्रथम खटला चालवला नाही, जेझुइटांनी 2023 मध्ये त्यांना संघातून काढले, आणि बराच गदारोळ झाल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये पोपनी मुदतीची अट शिथिल केली. फ्रान्सिस यांचे निधन झाले तेव्हाही तो खटला उभा राहिलेला नव्हता. त्याआधी काही आठवडे लूर्दच्या तीर्थस्थानाने आपल्या बॅसिलिकाच्या प्रवेशद्वारांवरील रुपनिक यांची मोझेक चित्रे झाकायला घेतली होती. त्या स्त्रियांना आपण ‘मूठभर नाराज’ म्हणणार असाल, तर मला ते मान्य नाही.

आता दुसरी बाजू पाहा. आपण लिहिता की, जगातील राज्यकर्ते एकमुखाने नतमस्तक झाले आणि मीच काय तो वेगळा सूर लावला. अर्जेंटिनाचे अध्यक्ष हावियेर मिलेई यांनी सत्तेवर येण्यापूर्वी याच पोपना दुष्टाचा पृथ्वीवरील प्रतिनिधी म्हटले होते. निधनानंतर त्यांना आपले मतभेद किरकोळ वाटू लागले, त्यांनी सात दिवसांचा दुखवटा जाहीर केला आणि ते अंत्यविधीला जातीने हजर राहिले. इस्रायलच्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याच दिवशी समाजमाध्यमावर श्रद्धांजली टाकली आणि नंतर ती काढून टाकली. अध्यक्ष हर्झोग यांनी तत्काळ शोक व्यक्त केला असला, तरी पंतप्रधानांच्या कार्यालयाचा संदेश यायला 24 तारीख उजाडली. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या एका सदस्येने तर कोणाचे नाव न घेता, जागतिक नेतृत्वात आज मोठे बदल झाले आणि देवाच्या हातून दुष्टतेचा पराभव होत आहे, असे त्याच दिवशी लिहिले. गांभीर्य मोजायचेच असेल, तर काढून टाकलेल्या श्रद्धांजलीपेक्षा आणि सात दिवसांच्या दुखवट्यापेक्षा मी त्या पीडितांच्या निवेदनाला अधिक वजन देईन; फ्रान्सिस यांनी काय केले आणि काय केले नाही, त्याचे परिणाम त्या पीडितांना स्वतः सोसावे लागले होते.

परंपरावाद्यांची नाराजी मी लेखात चार ओळींत आटोपली, यावरही आपण बोट ठेवले आहे. जुन्या लॅटिन मिस्सावर 2021 मध्ये आलेले निर्बंध, समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्यास डिसेंबर 2023 मध्ये मिळालेली सशर्त मुभा आणि तिला आफ्रिकेतील बिशपांनी जवळजवळ एकमुखाने दिलेला नकार हे वाद मोठे आहेत खरे, पण त्यांत दोन्हीकडे बोलणारे बहुतेक अधिकारपदस्थ होते आणि ते पोपच्या हयातीत मोकळेपणाने बोललेले होते. त्यांतले एकच उदाहरण येथे देतो. बिशपांच्या नेमणुकीविषयी चीनशी 2018 मध्ये झालेल्या कराराचे कडवे टीकाकार, हाँगकाँगचे कार्डिनल (पोपखालोखालच्या श्रेणीचे धर्मगुरू) झेन, वयाच्या 93 व्या वर्षी, न्यायालयाकडे जमा असलेला पासपोर्ट परवानगीने सोडवून घेऊन अंत्यविधीसाठी रोमला गेले. त्यांनी करारावरची टीका मागे घेतली नव्हती आणि तिरडीकडे पाठही फिरवली नव्हती.

‘मरणान्तानि वैराणि’ हे वचन आपण उद्धृत केलेत, ते योग्य जागी आहे असे मला वाटत नाही. रावणाच्या अंत्यसंस्काराला बिभीषण कचरत असताना राम त्याला हे सांगतो, आणि त्याच ओळीत पुढे ‘निर्वृत्तं नः प्रयोजनम्’ असेही म्हणतो. आपले प्रयोजन सिद्ध झाले आहे, आता याचे संस्कार कर. युद्ध ज्यासाठी झाले ते साध्य झालेला विजेता ही उदारता दाखवतो आहे. ओसोर्नोचे भाविक किंवा रुपनिक प्रकरणातील स्त्रिया विजेत्या नव्हत्या, आणि त्यांचे प्रयोजन सिद्ध तर झालेलेच नव्हते. त्यांच्याकडून या वचनाची अपेक्षा करणे म्हणजे ज्याला न्याय मिळाला नाही त्यानेच आधी हात जोडावेत, असे म्हणणे आहे. शिवाय त्यांच्यापैकी कोणी संस्कार थांबवा असे म्हटले नव्हते.

परक्याने बोलू नये, हा आपला आक्षेप मला सर्वांत कमी पटतो. पोप हे एका धर्मसमुदायाचे प्रमुख असतात तसेच एका राज्याचेही प्रमुख असतात. भारत सरकारने तीन दिवसांचा शासकीय दुखवटा पाळला, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू अंत्यविधीला गेल्या आणि त्यांच्यासोबतच्या शिष्टमंडळात गोवा विधानसभेचे उपसभापतीही होते. (दुखवट्याच्या पहिल्याच दिवशी पहलगामचा हल्ला झाला आणि देशाचे लक्ष दुसऱ्याच शोकाकडे वळले, ही बाब वेगळी.) माझ्या देशाचा ध्वज ज्यांच्यासाठी अर्ध्यावर उतरतो, त्यांच्या कारकिर्दीविषयी मी लिहू नये, हे कसे? बाणावलीच्या जोसेफ वाझ यांना 2015 मध्ये कोलंबोत संतपद देणारे आणि गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव यांना 2022 मध्ये कार्डिनल करणारे हेच पोप होते, तेव्हा कोकणपट्टीतल्या माणसाला त्यांच्याविषयी आस्था असणे अगदी स्वाभाविक आहे, मग तो मिस्साला जाणारा असो वा नसो.

येथेच दुसऱ्या एका गोष्टीचा खुलासा करतो. माझ्या लेखाखाली काहींनी गोव्यातील इन्क्विझिशनची, म्हणजे पाखंडाच्या आरोपांवर खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायासनाची, आठवण काढून निधनाबद्दल समाधान व्यक्त केले आणि आपण त्यांना व मला एकाच पंक्तीत बसवलेत. 1560 ते 1812 या काळात, मधल्या काही वर्षांचा अपवाद वगळता, गोव्यात ते न्यायासन होते, हा इतिहास आहे. 2015 मध्ये बोलिव्हियात वसाहतकाळातील अपराधांबद्दल आणि 2022 मध्ये कॅनडात मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळांबद्दल क्षमा मागणाऱ्या पोपकडून गोव्याविषयीही शब्द यावा, ही अपेक्षा रास्त आहे आणि ती ख्रिस्ती गोवेकरानेही करायला हरकत नाही. पण समाधान व्यक्त करणाऱ्यांना त्या शब्दाशी काही देणेघेणे होते, असे त्यांच्या लिहिण्यावरून मला दिसले नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या मृत्यूचा आनंद मानणे आणि त्याच्या निर्णयांची चिकित्सा करणे यांतला फरक आपण नक्की जाणता.

राहिला वर्षभर थांबण्याचा मुद्दा. 2 एप्रिल 2005 रोजी पोप जॉन पॉल दुसरे गेले, तेव्हा जग असेच थांबले होते. अंत्यविधीच्या दिवशी सेंट पीटर्स चौकात ‘सांतो सुबितो’, म्हणजे ताबडतोब संत करा, असे फलक झळकले. मेक्सिकोचे धर्मगुरू मार्सियाल मासिएल यांच्याविरुद्ध त्यांच्याच संस्थेतील जुन्या विद्यार्थ्यांनी 1998 मध्ये रोमकडे लैंगिक अत्याचाराची तक्रार दिलेली होती आणि तरीही जॉन पॉल यांनी 2004 मध्ये त्यांचा जाहीर गौरव केला होता. पण त्या आठवड्यात हे बोलणाऱ्यांना असंस्कृत ठरवले गेले. संतपदाची प्रक्रिया सुरू करण्यापूर्वी पाच वर्षे जाऊ द्यावीत, असा चर्चचा नियम आहे. नवे पोप बेनेडिक्ट यांनी महिनाभरातच त्यातून सूट दिली आणि 27 एप्रिल 2014 रोजी फ्रान्सिस यांनीच जॉन पॉल यांना संत घोषित केले. त्यानंतर नोव्हेंबर 2020 मध्ये लैंगिक अत्याचारांबद्दल दोषी ठरलेले अमेरिकेचे माजी कार्डिनल मॅकॅरिक यांच्याविषयी व्हॅटिकनने स्वतः प्रसिद्ध केलेल्या सुमारे साडेचारशे पानांच्या अहवालातून कळले की, न्यूयॉर्कच्या कार्डिनलनी 1999 मध्ये लेखी सावध करूनही जॉन पॉल यांनी मॅकॅरिक यांना वॉशिंग्टनचे आर्चबिशप केले होते. तो अहवाल प्रसिद्ध करण्याचे धैर्य फ्रान्सिस यांच्या काळात दाखवले गेले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे; पण तो आला तेव्हा संतपद देऊन सहा वर्षे उलटली होती.

पाच वर्षांची ती अट फ्रान्सिस यांच्यासाठीही शिथिल करण्याची मागणी उद्या होऊ शकते, आणि आपणही कदाचित तिच्यावर सही कराल. तशी चौकशी उभी राहिली, तर क्रूझ यांची साक्ष घेतली जाईलच; तेव्हा रुपनिक प्रकरणातील स्त्रियांनाही बोलावले जावे, अशी माझी इच्छा आहे. वर्षभर थांबण्याची आपली सूचना मी स्वीकारत नाही, ती या कारणासाठी.

आपला,
लेखक