वळवाला नेमकी आपलीच गच्ची दिसते!

चैत्रात गच्चीला वॉटरप्रूफिंगचा हात मारायचा म्हणजे आभाळाशी जुगार. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडा, भेगा पॉलिमर घातलेल्या सिमेंटने भरा, त्या वाळेपर्यंत दिवस गेलाच. भर दुपारी कोटिंग लावावं तर तापलेल्या स्लॅबवर ते ब्रशखालीच सुकतं, बारीक छिद्रं पडतात. म्हणून ऊन उतरल्यावर लावायचं, आणि वळीव हजर! कोटिंगचा ओला हात धुऊन जातो. ओलसर स्लॅबवर घाईने दुसरा मारला की खाली कोंडलेल्या ओलीचे उन्हात फोड. तेवढ्यात नव्याने भरलेल्या कुंड्यांतलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वाहत येऊन पाईपच्या जाळीवर बसतं, गच्चीचं तळं. डब्यावर मात्र ठसठशीत सूचना: ‘कोरड्या हवेतच वापरा.’ अहो, पण कधी?