‘ग्रेड १ म्हणजे आठ दिवस’ हे कुणी ठरवलं?

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. अकादमीचे कोचही तो पुढे पाठवतात. थोडक्यात असा: “स्नायू दुखावला की आधी एमआरआय. ग्रेड १ असेल तर १ आठवडा, ग्रेड २ असेल तर ३ आठवडे, ग्रेड ३ म्हणजे ऑपरेशन. एमआरआय नॉर्मल आला तर दुखापत नाही, सराव चालू ठेवा. नाहीतर तेवढे दिवस पूर्ण आराम करा आणि रोज गरम तेलाने जोरात चोळा. दुखणं थांबलं की बरे झालात.”

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मांडीची मागची बाजू धरून येणारी निम्मी मुलं हा संदेश तोंडपाठ करून येतात. गेल्या महिन्यात १६०० मीटरची तयारी करणारा एक मुलगा आला. हातात रिपोर्ट, त्यावर ‘ग्रेड १’. “सर, आज आठवा दिवस. उद्यापासून पळू ना?” जिना चढताना तो अजून कठड्याला धरत होता.

ग्रेडवरून दिवस मोजता येतात, हा या संदेशातला सगळ्यात घातक दावा. तीन ग्रेडची जुनी विभागणी एवढंच सांगते की स्नायू किती फाटला: थोडे तंतू, बरेच तंतू की अख्खा. कुठे फाटला, हे ती सांगत नाही आणि खरी मेख तिथेच आहे. हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूचा) कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडाजवळ संपत नाही, पिंपळपानाच्या मधल्या शिरेसारखा तो स्नायूच्या आत खोलवर उतरतो. ब्रिटिश ॲथलेटिक्सच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये नवी पद्धत मांडली, तिच्यात ० ते ४ आकड्यांना म्हणूनच अक्षर जोडलेलं आहे. ‘ए’ म्हणजे इजा स्नायूच्या बाहेरच्या आवरणालगत, ‘बी’ म्हणजे स्नायूत किंवा स्नायू आणि कंडरा जुळतात तिथे, ‘सी’ म्हणजे थेट कंडऱ्यात. पुढे त्यांनी आपल्याच धावपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ‘सी’वाल्यांना परतायला जास्त वेळ लागला होता आणि त्यांची दुखापत जास्त वेळा उलटली होती. फॉरवर्डच्या लेखी मात्र २ए आणि २सी एकच, दोघांना तीन आठवडे.

दुखापत झाली कशी, हेही बघावं लागतं. स्वीडनमध्ये आस्कलिंग नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगात पळताना हॅमस्ट्रिंग दुखावलेले धावपटू आणि पाय ताणताना दुखावलेले नर्तक यांची तुलना केली. सुरुवातीला नर्तकांचं दुखणं हलकं वाटत होतं. पण पूर्वीच्या पातळीवर यायला धावपटूंना १६ आठवडे लागले, नर्तकांना ५० (दोन्ही मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा). कबड्डीत टो-टचसाठी पाय लांबवताना बैठकीच्या हाडाजवळ कळ आली, असं कुणी सांगितलं की मी म्हणूनच सावध होतो, मग तो नीट चालत आलेला का असेना.

आता एमआरआय. दोहामध्ये १८० खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात कोण लवकर परतला आणि कोण उशिरा, यातला २९ टक्के फरक नुसत्या विचारपूस आणि तपासणीतून उलगडला. एमआरआयने त्यात ३ टक्क्यांचीही भर घातली नाही. म्हणजे दोन्ही करूनही नेमकी तारीख हाती लागत नाही. दुसऱ्या एका अभ्यासात तपासणीत बरे ठरलेल्या ५३ खेळाडूंचा एमआरआय काढला, तर ८९ टक्के जणांच्या स्नायूत खूण तशीच दिसत होती. कंडरा तुटल्याची शंका असेल तिथे मी स्वतः एमआरआय सांगतो. पण प्रत्येक चमकेला ‘आधी एमआरआय’ म्हणून आईबापांना हजारो रुपयांना घालणं मला पटत नाही.

हाताने बरंच कळतं. मुलाला पालथं झोपवायचं, बैठकीच्या हाडापासून एका बोटाने इंच इंच दाबत खाली यायचं. “इथे?” “नाही.” “इथे?” “हं, सर!” तिथे पेनाने खूण. दुखणं थांबतं तिथे दुसरी. मग टेपने हाडापासूनचं अंतर आणि दुखऱ्या पट्ट्याची लांबी मोजून वहीत लिहायची. पुढच्या भेटीत पट्टा किती आखडला हे त्यालाही दिसतं.

‘एमआरआय नॉर्मल म्हणजे दुखापत नाही’ हे वाचून तर मला राग येतो, कारण याच वाक्याच्या जोरावर मुलांना नाटकी ठरवलं जातं. युरोपातल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या अभ्यासात हॅमस्ट्रिंगच्या ७० टक्के दुखापतींत तंतू फाटल्याची खूण दिसली नव्हती. तरी बुडालेल्या दिवसांपैकी निम्म्याहून जास्त दिवस त्याच दुखापतींचे. २०११ मध्ये म्युनिकला जमलेल्या तज्ज्ञांनी अशा दुखण्यांचा वेगळा गटच केला. थकव्याने घट्ट झालेला स्नायू त्यात येतो, कमरेच्या मणक्यातून आलेलं मांडीचं दुखणंही येतं. दुखणं खरं असतं, फक्त फोटोत फाट दिसत नाही.

ग्रेड ३ म्हणजे ऑपरेशनच, असंही नाही. स्नायूच्या मधल्या भागातली फाट बहुतेकदा विनाऑपरेशन भरते. कंडरे बैठकीच्या हाडापासून उपटले असतील तर मात्र सर्जनला लवकर दाखवलंच पाहिजे. ‘टप्’ असा आवाज, मांडीमागे पसरलेला काळानिळा डाग, पाय टाकता न येणं, अशा वेळी घरी थांबू नका.

चोळण्याबद्दल थोडक्यात: पहिले काही दिवस अजिबात नको. आतला रक्तस्राव वाढतो, आणि मुका मार असेल तर स्नायूत हाड धरण्याचा धोका असतो. पूर्ण आरामाचंही तसंच. डेन्मार्कमध्ये मांडी किंवा पोटरीचा स्नायू दुखावलेल्या ५० हौशी खेळाडूंपैकी काहींचे व्यायाम दुसऱ्या दिवशी सुरू केले, काहींचे नवव्या. पहिले सुमारे ६३ दिवसांत बरे झाले, दुसरे ८३.

राहिलं ‘दुखणं थांबलं की बरे’. तो १६०० मीटरवाला मुलगा तिसऱ्या आठवड्यात हसत आला, दाबूनही कुठे दुखत नव्हतं. त्याला उताणं झोपवलं, गुडघा वाकू नये म्हणून पट्टा बांधला आणि सरळ पाय जमेल तितक्या वेगाने वर झटकायला सांगितलं. उजवा पाय सर्रकन वर गेला. डावा अर्ध्यावर थबकला. “दुखलं?” “नाही सर, पण भीती वाटली.” त्या दिवशी त्याला वेगात पळायची परवानगी दिली नाही. नऊ दिवसांनी तीच चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा दोन्ही पाय सारखे वर गेले.