‘नॉन-प्रॉडक्शन’ या एका शब्दावर थांबू नका

टेराफॉर्म हे क्लाउडवरचे सर्व्हर वगैरे कोड लिहून उभे करण्याचं हॅशिकॉर्प कंपनीचं सॉफ्टवेअर. त्याबद्दल तुमची हरकत अशी : त्याच्या बिझनेस सोर्स लायसन्समध्ये (कोड सगळ्यांना दिसतो, पण वापरावर अटी असतात असा परवाना) फक्त ‘नॉन-प्रॉडक्शन’ म्हणजे प्रत्यक्ष कामकाजाबाहेरच्या, चाचणीसारख्या वापराला मुभा आहे, शिवाय ‘पेड सपोर्ट’चाही उल्लेख आहे, तरी कंपन्यांनी आणि सल्लागारांनी ते वापरायला हरकत नाही असं मी लिहिलं, ही दिशाभूल आहे.

नॉन-प्रॉडक्शनचं वाक्य परवान्यात आहे, पण ते खालच्या ठरावीक मजकुरात. तो मारियाडीबी या डेटाबेस कंपनीने तयार केला आणि हे लायसन्स घेणारी कंपनी त्यात फेरफार करू शकत नाही. कंपनीला जे सांगायचं असतं ते वरच्या ‘अ‍ॅडिशनल यूज ग्रँट’मध्ये (जादा वापराच्या परवानगीत) येतं. हॅशिकॉर्पने तिथे प्रॉडक्शन वापर मोकळा केलाय. अट एकच : हॅशिकॉर्पच्या पेड आवृत्तीशी स्पर्धा करण्यासाठी हे सॉफ्टवेअर होस्ट (आपल्या सर्व्हरवर चालवून) किंवा एम्बेड (आपल्या प्रॉडक्टमध्ये गुंफून) करून तिसऱ्या पक्षाला देऊ नका. तिथे काहीच दिलेलं नसतं, तर तुमचं म्हणणं पूर्ण खरं ठरलं असतं.

‘पेड सपोर्ट’ हे शब्द स्पर्धक ऑफरच्या व्याख्येत येतात आणि त्या वाक्याचा कर्ता ‘प्रॉडक्ट’ आहे. पैसे घेऊन दिलेलं प्रॉडक्ट हवं आणि त्याच्या क्षमता पेड आवृत्तीशी बऱ्याच प्रमाणात जुळायला हव्यात. ऑफर स्पर्धक ठरायला दोन्ही गोष्टी एकदम लागतात. ग्राहकाच्या क्लाउड खात्यात त्याच्याच कामासाठी टेराफॉर्म लावून देणारा सल्लागार या व्याख्येत बसत नाही, असं माझं ठाम मत आहे.

खरी अडचण ‘एम्बेडेड’ची आहे. अनेकांना वाटतं, टेराफॉर्मची बायनरी (चालवायची तयार फाइल) आपल्या पॅकेजमध्ये टाकली नाही की सुटलो. पण स्पर्धक ऑफर चालायला ग्राहकाला टेराफॉर्म वेगळं डाउनलोड करावंच लागत असेल, तर तेही एम्बेडिंगच, असं व्याख्येत स्पष्ट लिहिलंय. टेराफॉर्म चालवणारा डॅशबोर्ड विकणाऱ्यांनी हे वाक्य वकिलाला दाखवावंच.

‘चार वर्षांनी सगळं खुलं होईल’ हे तुमचं शेवटचं वाक्यही अर्धंच बरोबर आहे. ही मुदत प्रत्येक व्हर्जनची, ते प्रसिद्ध झाल्यापासून, वेगळी मोजली जाते. 1.5 मालिका एमपीएल 2.0 (मोझिलाचा खुला परवाना) खालीच आहे, बिझनेस सोर्स लायसन्सचा बदल 1.6 पासून लागू झाला. म्हणून गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर मुख्य ब्रँचची (सध्याच्या ताज्या कोडची) नव्हे, तुम्ही वापरता त्या टॅगची (व्हर्जनच्या खुणेची) लायसन्स फाइल उघडा. आणि एका व्हर्जनच्या बाबतीत अट मोडली, तरी या परवान्याखालच्या सगळ्या व्हर्जनवरचा तुमचा हक्क आपोआप संपतो. शंका असेल तर हॅशिकॉर्पकडून लेखी उत्तर घ्या, तेही प्रॉडक्ट बाजारात आणण्याआधी.