३१ तारीख तुम्हीच दिली होती ना?

"मॅडम, शेवटच्या दिवसापर्यंत थांबलातच कशाला?"

दोन एप्रिलला व्यवसाय कराच्या, म्हणजे माणसांच्या पगारातून कापून राज्याला भरायच्या कराच्या, ऑफिसात हे वाक्य माझ्या तोंडावर फेकलं गेलं. आज सहा तारीख. भाजी चिरताना, रिक्षात, रात्री दिवा बंद केल्यावर, सारखं तेच कानात वाजतंय आणि प्रत्येक वेळी अंगाचा तिळपापड होतोय. माझ्या हातात बँकेचं स्टेटमेंट होतं. ३१ मार्च, रात्री १० वाजून ४२ मिनिटं, वीस हजार वजा. त्या ओळीखाली मी पिवळी रेघ मारून नेली होती, म्हणजे तिथल्या साहेबांना शोधायला त्रास नको. त्यांनी कागदाकडे नजरसुद्धा वळवली नाही. स्क्रीनकडे बघत म्हणाले, "आमच्याकडे आलेले दिसत नाहीत. या वीस हजारांसाठी परताव्याचा अर्ज करा." आणि मग ते वाक्य.

या कराचं वर्षाचं विवरणपत्र ३१ मार्चपर्यंत भरायचं असतं. शेवटच्या दिवसापर्यंत का थांबले ते सांगते. तिथे सांगायला लागले तेव्हा त्यांना फोन आला.

फेब्रुवारीचा पगार मी सात मार्चच्या आत दिला. त्याशिवाय वर्षाचा आकडा पुरा होतच नाही, कारण व्यवसाय कराचं पगाराचं वर्ष मार्च ते फेब्रुवारी. दहा मार्चला कराच्या पोर्टलवर लॉगिन केलं तर ओटीपी येईना. तो जात होता पाच वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या सल्लागाराच्या फोनवर, आणि तो माणूस आता माझा फोन उचलत नाही. नंबर बदलण्याचा अर्ज, त्याला पॅन, आधार, संचालक मंडळाचा ठराव, कंपनीचा शिक्का, आणि दोनदा "जोडपत्र अस्पष्ट आहे" म्हणून परत. नंबर बदलला २४ तारखेला. मग फॉर्म तीन-ब ची, म्हणजे त्या विवरणपत्राची, एक्सेल फाइल. ती भरून व्हॅलिडेटचं बटण दाबायचं, तर आमच्या गाळ्यातल्या कॉम्प्युटरवर ते बटण दाबलंच जाईना, कारण आम्ही फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर वापरतो आणि त्याच्यात त्या बटणामागचा छोटा प्रोग्राम, मॅक्रो, चालत नाही. एका राज्याचा कर भरायला एका विशिष्ट कंपनीचं विकतचं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं, याचं कुणालाच काही वाटत नाही का? पेन ड्राइव्ह घेऊन शेजारच्या गाळ्यात गेले, तिथे चाललं. अपलोड केलं तर उत्तर आलं की टेम्प्लेटची आवृत्ती जुनी आहे. नवी उतरवली आणि चौदा माणसांचं सगळं पुन्हा भरलं. २९ ला फाइल एकदाची पास झाली. ३० ला पोर्टल दिवसभर उघडलंच नाही.

पैसे आधीच भरून मोकळं व्हायचं होतं, असं म्हणणारे आहेतच. २०२२ साली तेच केलं होतं. चलन आणि विवरणपत्र यांत एका महिन्याच्या दोनशे रुपयांचा फरक निघाला आणि तो निस्तरायला चार खेटे पडले. तेव्हापासून आमचे सीए सांगतात, आधी फाइल पास होऊ दे, मग आकड्याला आकडा जुळवून पैसे भरा. मी त्यांचं ऐकलं.

तर ३१ मार्च. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये त्या दिवशी कसं असतं हे ज्यांचा गाळा आहे त्यांना सांगायला नको. आम्ही कोरुगेटेड खोके बनवतो. प्रत्येक गिऱ्हाईकाला त्याच दिवशी माल उचलायचा असतो, त्याच दिवशीचं बिल हवं असतं. रात्री नऊला शेवटचा टेम्पो निघाला. पेस्टिंगच्या टेबलावर खळ वाळून पापुद्रे धरलेले, मी त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप ठेवून बसले. कॅप्चा तीनदा चुकीचा. इंग्रजी ओ की शून्य, मला चष्मा लावूनही कळत नाही. मग एकदाचं बँकेचं पान आलं, ओटीपी टाकला, फोनवर मेसेज आला, वीस हजार खात्यातून वजा. आणि लॅपटॉपवर ते गोल गोल फिरणारं चक्र. सहा मिनिटं फिरलं. मग पान पांढरं पडलं आणि वर एक ओळ आली, व्यवहार प्रलंबित.

चलन नाही, जीआरएन म्हणजे सरकारी पावतीचा नंबर नाही, काही नाही.

त्या खात्यात तेवढेच पैसे होते. मी व्यवसाय करासाठी खातं वेगळं ठेवलंय. दर महिन्याला प्रत्येकाच्या पगारातून दोनशे, फेब्रुवारीला तीनशे, कापले की त्याच दिवशी तिकडे टाकते. तो पैसा माझा नाही, माझ्या माणसांचा आहे. आठ पुरुष, माणशी अडीच हजार, वीस हजार. पॅकिंगच्या सहा बायकांना २०२३ च्या एप्रिलपासून पंचवीस हजारांपर्यंतच्या पगाराला हा कर नाही, हे सरकारने खरंच चांगलं केलं आणि मी ते सगळ्यांना सांगते. धंद्याच्या खात्यातून त्याच दुपारी कागदाच्या रिळांचे पैसे गेले होते, अकरा हजार उरले होते. रात्री सव्वाअकराला धाकट्या भावाला झोपेतून उठवलं. त्याने वीस हजार पाठवले. परत लॉगिन, परत ओटीपी, परत कॅप्चा. सेशन संपलं. परत पहिल्यापासून. चलन हातात आलं तेव्हा बारा वाजून तीन मिनिटं झाली होती. विवरणपत्र चढवलं तर विलंब शुल्क, दोनशे रुपये.

दोनशे रुपये भरले. दोनशे रुपयांनी मी बुडत नाही. पण दार तुमच्या बाजूने बंद होतं, मी बाहेर पैसे हातात घेऊन उभी होते, आणि उशिरा आलीस म्हणून दंडाची पावती मलाच? हे कुठल्या न्यायात बसतं? आणि वर तो माणूस विचारतो, शेवटच्या दिवसापर्यंत थांबलात कशाला. अहो, ३१ तारीख तुम्हीच दिली होती ना? कायद्यात २० मार्च लिहिलं असतं तर मी २० मार्चला आले असते. ३१ म्हणजे ३१ च्या रात्री बारापर्यंत. तो दिवस माझा हक्काचा आहे, कुणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. वीजबिल शेवटच्या तारखेला भरलं तर कुणी असं विचारतं का?

सगळ्यात जास्त याचा राग येतो की हा कर मला मनापासून पटतो. १९७५ साली महाराष्ट्राने हा कर आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. वि. स. पागेंनी ती योजना उभी केली. १९७२ च्या दुष्काळात माझे वडील साताऱ्याच्या माण तालुक्यात खडी फोडत होते. अठरा वर्षांचे होते. तळहाताच्या मधोमध त्यांना शेवटपर्यंत एक पांढरा घट्टा होता, आम्ही लहानपणी त्याला बोट लावून बघायचो. दुष्काळी कामावरच्या मजुरीवर आमचं घर जगलं, म्हणून मी आज ठाण्यात गाळ्यात बसून चौदा लोकांना पगार देते. वर्षाला अडीच हजार ही घटनेनेच घातलेली मर्यादा आहे, १९८८ पासून ती तेवढीच आहे. मला एक रुपया जड जात नाही. नवीन मुलगा कामाला लागला आणि पगारातून दोनशे का कापले म्हणून कुरकुरला, तर मी त्याला बसवून हे सगळं सांगते. आणि त्याच कराच्या टेबलापुढे मी चोरासारखी उभी राहायची.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच. आमच्या रस्त्यावर एक गाळा आहे, तिथे वीसेक माणसं काम करतात. ना पाटी, ना हजेरीपट, ना कसली नोंदणी. पगार रोख. त्यांना कधी नोटीस येत नाही, कारण ते कुठल्या यादीतच नाहीत. नोटीस येते मला, कारण माझा २७ ने सुरू होणारा आणि पी ने संपणारा नोंदणी नंबर त्यांच्याकडे आहे. ज्याने आपणहून नाव सांगितलं, त्यालाच धरायचं.

आणि एकच यादी किती वेळा द्यायची? तीच चौदा माणसं. ईएसआयला, म्हणजे कामगार विम्याला, दर महिन्याला देते. व्यवसाय कराला देते. कामगार कल्याण निधीला जून आणि डिसेंबरला देते, तिथे कामगाराचे पंचवीस आणि माझे पंचाहत्तर, म्हणजे चौदाशे रुपयांसाठी पुन्हा लॉगिन, पुन्हा पासवर्ड, पुन्हा एकेका नावाची फाइल. २०२४ च्या आधी बारा आणि छत्तीस होते, रक्कम वाढवायची आठवण राहिली, फॉर्म सोपा करायची नाही. पॉशचा, म्हणजे कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचा, वार्षिक अहवाल जानेवारी ते डिसेंबरचा. तो कायदा हवाच, माझ्याकडे समिती कागदावरची नाही, खरी आहे, बायका येऊन बोलतात. पण त्या अहवालाचं वर्ष वेगळं, हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च, पगाराच्या कराचं मार्च ते फेब्रुवारी. माझ्या भिंतीवर तीन कॅलेंडरं आहेत आणि तिन्हींवर लाल गोल. चौदा माणसांच्या कंपनीत हे गोल सांभाळणारं वेगळं माणूस ठेवायचं तर त्याच्या पगारासाठी महिन्याला किती खोके जास्त विकायचे, याचा हिशेब कुणी केलाय?

केंद्राचं तर विचारूच नका. एओसी-फोर हा कंपनीच्या हिशेबाचा फॉर्म आणि एमजीटी-सेव्हन-ए हे वार्षिक विवरणपत्र, उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये, २०१८ च्या जुलैपासून, आणि त्याला वरची मर्यादाच नाही. दोन्ही फॉर्म दोन महिने राहिले की बारा हजार. कोट्यवधींच्या कंपनीलाही शंभर आणि आम्हालाही शंभर. आता त्या विवरणपत्राला कार्यालयाचा फोटो लागतो, इमारत आणि पाटी दिसेल असा. भाऊ भर दुपारी रस्त्यात उभा राहून फोटो काढत होता आणि गाळ्यासमोर कुणाचा तरी टेम्पो लागलेला. ड्रायव्हर जेवायला गेलेला. दीड तास थांबलो पाटीवरून टेम्पो हलायला. याच भावाचं २०२३ ला संचालकाचं केवायसी राहिलं. वडील आयसीयूत होते, सप्टेंबर कधी संपला आम्हाला कळलं नाही. पाच हजार. माणूस तोच, पॅन तेच, पत्ता तोच, मोबाइल तोच. "मी अजून मीच आहे" एवढं सांगायला उशीर झाला म्हणून पाच हजार. वडिलांच्या दहाव्यानंतर तिसऱ्या दिवशी मी ते भरले. ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

परवा सीएंच्या ऑफिसात बसले होते. तिथे फायलींचे ढीग रचलेले, आणि माझ्यासारखेच सहा-सात जण बाकावर. एक काका लुईसवाडीत लेथ मशीन चालवतात. त्यांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात सगळ्या वर्षाची चलनं, रबर लावून. त्यांचेही पैसे गेलेत, साडेसात हजार. त्यांना कुणी सांगितलंय की सात दिवसांत आपोआप परत येतील. बँकेत विचारलं तर बँक म्हणते, आमच्याकडून सरकारी खात्यात गेले. तिकडे विचारलं तर आलेच नाहीत. मग पैसे आहेत कुठे? दोघांपैकी एकाने तरी लेखी द्यावं. मी दोघांकडे अर्ज दिलाय, दोघांनी पोच द्यायला टाळाटाळ केली. शेवटी मी टेबलापाशी उभी राहिले आणि पोच घेतल्याशिवाय हलणार नाही म्हटलं, तेव्हा शिक्का मारला. तो शिक्काही अर्धाच उमटलाय, तारखेतला महिना वाचता येत नाही.

बोलायची पद्धत तरी नीट ठेवा, एवढंच माझं मागणं होतं. "मॅडम, पोर्टलला अडचण होती, बसा, बघतो" एवढं म्हटलं असतं तर मी दोनशे काय, चारशे भरून घरी गेले असते.

उद्या सात तारीख. मार्चचा पगार उद्या द्यायचाच आहे. गेल्या अकरा वर्षांत आमच्याकडे सात तारीख एकदाही चुकली नाही, टाळेबंदीतही नाही. भावाचे वीस हजार परत द्यायचेत, त्याच्या मुलीची शाळेची फी पंधरा तारखेला आहे. सकाळी दहाला मी पुन्हा त्या टेबलापुढे जाणार आहे, या वेळी बँक मॅनेजरच्या सहीचं पत्र घेऊन. लुईसवाडीचे काकाही येतायत. कुणाचे ३१ तारखेचे पैसे असेच अडकले असतील तर स्टेटमेंटची प्रत घेऊन या, एकत्र जाऊ.