‘भेगाळलेल्या खडकात बोल्ट म्हणजे मलमपट्टी’? नाही!

बोगद्यांबद्दल एक दावा खूप फिरतोय: खडक भेगाळलेला असेल तर रॉक बोल्ट (खडकात छिद्र पाडून बसवलेल्या पोलादी सळया) आणि शॉटक्रीट (फवारून मारलेलं काँक्रीट) ही तात्पुरती मलमपट्टी, खरा आधार जाड काँक्रीटच्या अस्तराचा, आणि पाणीही त्यानंच अडवायचं. यावर विसंबून काम केलं तर जिवावर बेतेल.

‘भेगांत बोल्टला पकडच मिळत नाही.’ टोकाशी फुगून बसणाऱ्या बोल्टबाबत हे बरंचसं खरं आहे. पण पूर्ण लांबीभर ग्राउट केलेला, म्हणजे छिद्रात सिमेंट-पाण्याचं मिश्रण भरून घट्ट बसवलेला, बोल्ट वाटेतला प्रत्येक सांधा शिवत जातो. तुकडे एकमेकांवरून सरकले नाहीत, की छत स्वतःच कमानीसारखा भार पेलतं. खडक-अभियंता बिएनियाव्स्कींच्या १९८९च्या तक्त्यात १० मीटर रुंद बोगद्याला, आरएमआर (खडकाच्या दर्जाचे शंभरपैकी गुण) २१ ते ४० असताना, म्हणजे खडक कमकुवत असताना, ४–५ मीटरचे बोल्ट १ ते १.५ मीटर अंतरावर आणि माथ्याला १००–१५० मिमी शॉटक्रीट सुचवलंय. सोबत जिथे लागतील तिथे पोलादी कमानी.

बोल्ट फसतो तो बहुधा बसवताना. ग्राउटमध्ये पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.३५ ते ०.४ पट असावं. पातळ झाला तर वर जाणाऱ्या छिद्रातून तो गळून येतो. सिमेंटऐवजी रेझिन (घट्ट होणारं चिकट रसायन) वापरताना छिद्र फार मोठं पडलं तर मिश्रण नीट होत नाही, आणि ते घट्ट होऊ लागल्यावर बोल्ट फिरवत राहिलं तर पकड तुटते. ड्रिलची सळई काढताच छिद्र ढासळत असेल तर पोकळ, स्वतःच छिद्र पाडणारा बोल्ट घ्यावा आणि त्याच्यातूनच ग्राउट भरावा. बोल्ट ओढून पकड तपासणाऱ्या ओढ-चाचणीवर मात्र आंधळा विश्वास नको: तोंडाजवळ थोडा जरी चांगला ग्राउट असला तरी बोल्ट पास होतो, आत पोकळी राहिली तरी.

‘शॉटक्रीट म्हणजे प्लास्टर.’ सुटे दगड पाडून, पृष्ठभाग धुऊन मारलं तर ते खडकाला चिकटतं आणि लहान तुकडा निसटू देत नाही. पहिला तुकडा निसटला की मागचे मोकळे होतात. धुळीवर मारलं तर मात्र ते पापुद्र्यासारखं सुटतं.

‘अस्तर जाड करा, झालं.’ अस्तर येतं खोदकामाच्या कितीतरी मागून; तोवर खडक हललेला असतो. शिवाय माथ्यावर काँक्रीट आणि खडक यांच्यात पोकळी राहते. ती संपर्क-ग्राउटनं भरली नाही, तर खडक टेकायला काहीच नसतं.

पाण्याचं गणित सोपं आहे: दर १० मीटर उंचीला चौरस मीटरमागे साधारण १० टन दाब. पाणी वाहून जाऊ द्यायला आखलेलं, निचऱ्याचं अस्तर ५० मीटरच्या पाण्याखाली बंद करून टाकलं, तर चौरस मीटरला ५० टन. म्हणून शॉटक्रीटआधीच निचऱ्याची छिद्रं पाडून नळ्या बसवाव्यात, त्यांची तोंडं उघडी ठेवावीत आणि गाळ साचेल तसा तो धुऊन काढावा.