मांजरं रानात सोडणाऱ्यांसाठी

आमच्या शेजारच्या काकूंच्या जिन्याखाली मांजर व्यायली. चार पिल्लं. सात घरं फिरवून तिने ती परत जिन्याखालीच आणली, तेव्हा काकूंनी माळ्यावरून गोणी काढली. "अंजनेरीच्या रानात सोडून येते गं. मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. सोडण्यात कसलं आलंय पाप? उंदीर-सरडे खाऊन राहतील मजेत."

बिबट्याने उचललं नाही तर राहतीलही, काकू! माझी तक्रार तीच आहे. मांजराला प्यायला पाणीसुद्धा फारसं लागत नाही, शिकारीच्या मांसातून बरंचसं भागतं. आणि पोट भरलेलं असलं तरी समोर काही फडफडलं की ते झडप घालणारच.

हवाई बेटांच्या पावसाळी जंगलांत काय झालं बघा. तिथे वटवाघूळ सोडलं तर जमिनीवर मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता. पेट्रेलसारखे समुद्रपक्षी डोंगरावर जमिनीतल्या बिळात निर्धास्त अंडी घालायचे. मग गोऱ्यांच्या जहाजांवरची, उंदरांसाठी पाळलेली मांजरं उतरली आणि रानात शिरली. बिळातलं पिल्लू म्हणजे त्यांना वाढलेलं ताट.

पण मला लागली ती तिथल्या कावळ्याची गोष्ट. अलाला त्याचं नाव. तिथली काही घराणी त्याला पूर्वजांचं रूप मानत आली. (रामकुंडावर पिंड ठेवून कावळ्याची वाट बघणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावायला नको.) २००२ नंतर तो जंगलात दिसलाच नाही. पिंजऱ्यात वाढवलेले २०१६ पासून सोडले, त्यातले काही तिथल्या शिकारी पक्ष्याने मारले, शिवाय टॉक्सोप्लाझ्मोसिस या रोगाचाही फटका बसला. या रोगाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरतो आणि ओल्या मातीत महिनोन् महिने टिकतो. म्हणजे कावळा मारायला मांजराने त्याच्या वाटेला जायलाही नको! उरलेले २०२० मध्ये परत पिंजऱ्यात आणले.

आपलं रान तितकं दाट नाही, मान्य. पण आपल्याकडे वाघाटी आहे, जेमतेम दीड किलोची रानमांजर. ऊसतोडीत तिची पिल्लं सापडली की बिबट्याची म्हणून गावभर धावाधाव होते. घरच्या मांजरांचे आजार तिलाही लागू शकतात.

हे सगळं काकूंना जिन्यात उभं राहून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तू ने." एक भुरं पिल्लू नेलं. तीन उरलीत. पंचवटी-म्हसरूळकडे कोणाला हवी असतील तर इनबॉक्स करा, नसबंदीचा खर्च मी देते. आईच्या ऑपरेशनचं काकूंशी अजून बोलणं चालू आहे.